जाहिरातीच्या चालीचा गजर

आमच्या घरात टीव्ही आम्ही बघतो आणि बाबा ऐकतात. मधला दरवाजा उघडा ठेवून ते पडवीतल्या बाकावर बसतात, भिंतीला पाठ, डोळे मिटलेले. रिमोट मात्र त्यांच्याच हातात. आमच्या वाडीतल्या भजन मंडळाचे ते बुवा. पेटीवर बसून त्यांनी गायचं आणि मागून सगळ्यांनी झेलायचं, हे मी कळायला लागल्यापासून बघत आले आहे. त्यामुळे पडद्यावर कोण काय नेसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

गाण्याच्या स्पर्धा लागल्या की ते तापायचे. "ह्येंचे डोळे गळतत, पण सूर जाग्यार रवना नाय," असं म्हणायचे. मला त्या स्पर्धा आवडतात. कुठल्यातरी लहान गावची मुलगी घाबरत मंचावर येते तिथे माझा जीव अडकतो. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. जिल्ह्याच्या गावी, ओरोसला, नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा मीही अशीच घाबरत आत शिरले होते. पण गाणाऱ्यापेक्षा परीक्षक जास्त रडतात हे बाबांचं म्हणणं मला मान्य आहे. मालिकांबद्दल आईचं मत एका वाक्याचं आहे: "ती बाई मान वळवीसर माजो भात शिजान जाता."

जाहिराती मात्र आम्हा तिघांनाही आवडतात. बाबांना त्यांच्या चाली पटतात. "मुखडो घेतल्यानी आणि संपयल्यानी. उगाच ताणणत नाय." माझं कारण वेगळं आहे. शाळेत धडा सोडला तर आमचं सगळं बोलणं मालवणीत. सावंतवाडीला कॉलेजात गेले तेव्हा वर्गात उभं राहून बोलताना जीभ अडखळायची. मग मसाल्याच्या जाहिरातीतली बाई जशी बोलते तसं मी घरी आरशासमोर बोलून बघायचे. मुलाखतीत एका साहेबांनी "स्पष्ट बोलता हं तुम्ही" असं म्हटलं, त्यातलं अर्धं श्रेय मी त्या मसाल्याला देते. जाहिरात खोटं बोलते हे मलाही कळतं. पण जिने बोलायला शिकवलं तिला नावं ठेवणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी आंब्याचा हंगाम संपता संपता बाबांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, धुळीने झालं असेल. ज्येष्ठमध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी मी त्यांना गोव्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. घशात गाठ निघाली. ती काढली, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही तिघंही नीट जेवलो नाही. गाठ साधी निघाली. आई देवापुढे बसून राहिली. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बोलता येईल त्यांना. गाता येईल का, ते आताच सांगता येणार नाही. जखम भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

गाण्याचं मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

पावसाचे दिवस आणि मुके बाबा. त्यांची सगळी मतं रिमोटवर आली. कोणी बेसूर गायला की टीव्हीचा आवाज एकदम बंद. चांगली चाल लागली की मोठा, इतका मोठा की शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारायच्या, "गो, घरात लगीन आसा काय?" आई मालिका बघत असली आणि रडारड सुरू झाली की पडवीतून आवाज बंद व्हायचा. एरवी भांडली असती ती. त्या दिवसांत ओठांच्या हालचालीवरून मालिका समजून घ्यायची आणि गप्प बसायची.

पुढे डॉक्टरांनी हळू बोलायची परवानगी दिली. आवाज यायचा तो घोगरा, तुटका. बाबाच मग बोलायचं टाळू लागले. चतुर्थी जवळ आली. गणपतीत आमचं मंडळ घरोघर भजन करत फिरतं आणि दरवर्षी बुवा शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गजरासाठी नवीन चाल आणतात. सिनेमातली असो, कुठलीही असो, लोकांच्या तोंडी असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर देवाचे शब्द बसवायचे. यंदा गाणार मंडळातले पखवाजवाले काका, बाबा फक्त पेटी वाजवणार, असं ठरलं. ठरवताना कोणी बाबांकडे बघत नव्हतं.

आमचं घर वाडीच्या तोंडाला, म्हणून पहिली पाळी आमची. दिवेलागणीला मंडळी जमली. काकांनी देवाच्या रूपाची रूपावली म्हटली, अभंग म्हटला. बरं झालं, पण सगळे जपून गात होते, आजारी माणसाच्या खोलीत वावरावं तसे. गजराची वेळ आली आणि बाबांनी पेटीवर एक वेगळीच चाल धरली. काका थांबले. बाबांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

पहिली ओळ फाटली. दुसऱ्या ओळीला खरखर होती, पण सूर जागेवर होता. तिसऱ्यांदा त्यांनी तीच ओळ वरून घेतली आणि आवाज मोकळा झाला. मंडळींनी झेलला. चाल अशी चटपटीत की झांजा आपोआप पळायला लागल्या. दारातल्या बायकाही टाळ्या धरू लागल्या. मला ती चाल ओळखीची वाटत होती, पण तेव्हा मी आवाजच ऐकत होते.

गजर संपल्यावर शेजारच्या काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बुवांनू, ही चाल न्हाणी घासूच्या औषधाची मा?"

मग मलाही ती जाहिरात आठवली. न्हाणीघराच्या फरश्या चकाकतात, बाई हातात ब्रश घेऊन नाचते, शब्द हिंदी. बाबांनी डोळे मिटून महिनोन्‌महिने ऐकलेली चाल. चित्र त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

पखवाजवाले काका म्हणाले, "बरा झाला. यंदा गणपतीचो पाट घासूक नको."

सगळे हसले. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, खरं आहे का म्हणून. मी मान हलवली. मग ते काकांकडे वळले. "चाल चोख आसा. तुजो ठेको मातर दोनदा घसारलो, ता कसा? आदी तुज्या घरातली न्हाणी घास, मगे माका शिकय. आणि पुढच्या घरात गजर मीच म्हणतलंय."

एवढं लांब बोलणं, एका दमात, पहिल्यासारखं टोचून. काका पखवाजाच्या वाद्या ओढत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते.

मी आत गेले. आई चुलीपुढे उभी होती, काळ्या वाटाण्यांच्या उसळीत पळी तशीच धरलेली.

"आयकलंस?" तिने विचारलं.

"व्हय."

"ह्ये काकाक कसे बोलले बघ." तिने डोळे पुसले आणि पळी फिरवली. "पाव काड गो. मंडळींका पुढच्या घरात जावचा आसा."