गिनतीत एक जास्त

कामरगावच्या स्टँडसमोर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की आसपासच्या गावचा शेतकरी ती दुचाकीवर बांधून माझ्याकडे आणतो, आणि मी आधी त्याला चार शब्द सुनावतो, मग मोटार उघडतो. माझं तोंड खराब आहे हे तालुक्याला ठाऊक आहे. लोक मला नानाजी म्हणतात ते वयामुळे, गोडव्यामुळे नाही.

मागच्या उन्हाळ्यात तांड्यावरचा फुलसिंग दुकानात आला. दोनच दिवसांपूर्वी तो जेलमधून सुटला होता. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्याने काठी घातली आणि समोरचा माणूस दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. सात वर्षांची सजा झाली. काठी आपणच मारली हे त्याने कोर्टातही नाकारलं नव्हतं आणि नंतरही कधी नाकारलं नाही.

"नानाजी, मले वाइंडिंग येते. आतमंदी शिकलो. काम द्या," तो म्हणाला.

मला त्याची भीती नव्हती, गिऱ्हाइकांची होती. तोंडावर नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून मी कागदाची पळवाट काढली. "सर्टिफिकेट हाय का? आजकाल कागद लागते बाप्पा. कागद आन, मग पाहू."

कागद त्याच्याकडे नाही हे मला माहीत होतं. तांड्यातली माणसं दुकानात येतात, बातम्या पोचतात. तो "आनतो" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कागद नसण्याची गोष्ट अशी. जेलमध्ये वाइंडिंगचा सरकारी कोर्स चालायचा. बाहेरच्या पोरांना मिळतं तेच सर्टिफिकेट, जेलचं नाव त्यावर कुठेच नाही. फुलसिंगने वर्षभर शिकून लेखी परीक्षा पास केली. सातवी शिकलेला माणूस, पण केली. राहिलं होतं फक्त प्रात्यक्षिक. पण आत चांगलं काम करणाऱ्याला सजेत माफीचे दिवस मिळतात, आणि हा कामाला वाघ. माफी साठत गेली, सातची पाच वर्षं झाली आणि सुटकेची तारीख परीक्षेच्या बरोबर अकरा दिवस आधी आली. दुसरा कोणी नाचला असता. हा अधीक्षकांसमोर जाऊन उभा राहिला. "सायब, अकरा दिवस ठेवून घेता का?"

कायद्याने सुटलेला माणूस एक रात्रही आत ठेवता येत नाही. उपास सगळा करवला आणि पारण्याच्या दिवशी घराबाहेर काढला, असं झालं.

माझ्याकडून गेला तो दुसऱ्या दिवशी कारंज्याला एसटी बदलून थेट जेलच्या दारात. आठ दिवस हातात होते. परीक्षा मंडळाने सांगितलं, नाव जेलच्या यादीत आहे, तेव्हा परीक्षा जेलमध्येच होईल. जेलने सांगितलं, बाहेरचा माणूस आतल्या कारखान्यात येऊ शकत नाही. तो चार दिवसांत तीन वेळा जाऊन आला. शेवटी त्याला शिकवणारे मास्तर मध्ये पडले आणि अधीक्षक म्हणाले, अर्ज दे. त्याने लिहिलं, 'मला एक दिवस आत घ्यावे ही विनंती.' कारकुनाने म्हणे तो अर्ज दोनदा वाचला.

घरी त्याची बायको रुखमाबाई पेटली होती. "पाच वर्सं वाट पाह्यली ते काय तुमी परत तठीच जासान म्हनून? आन् सोडलंच नाई तर?"

"एक दिवसाचं काम हाय. संध्याकाळी येतो."

"मंग मीबी येतो," रुखमाबाई म्हणाली.

ती गेलीच. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याचा मोबाईल पदरात बांधून ती फाटकासमोरच्या लिंबाखाली बसली. त्याची झडती झाली, रजिस्टरात नाव चढलं आणि फाटक लागलं.

आत जळलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार समोर ठेवली होती. पाच तासांत नवी तार भरून चालू करून दाखवायची. बाकीच्यांनी जळकी तार भराभर कापायला घेतली. फुलसिंगने आधी एक गुंडी, म्हणजे तारेचं वेटोळं, सोडवून तिचे फेरे मोजले, जोडण्यांचा नकाशा कागदावर काढला, मग हात लावला. अर्धा तास मागे पडला. आत सुरी देत नाहीत, तिथली माणसं बांबूच्या कामटीनेच तार खाचेत दाबतात. त्याचा हात तसाच बसलेला होता. वेळ संपायला थोडं उरलं असताना त्याने बटण दाबलं. परीक्षकांनी फिरत्या मोटारीवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि कागदावर खूण केली.

इथवर सगळं सरळ होतं. मग माशी शिंकली.

काम संपलं की आत शिट्टी होते. कैदी दोन-दोनच्या जोडीने उकिडवे बसतात आणि शिपाई मोजतो. त्याला गिनती म्हणतात. त्या दिवशी कारखान्यात बावीस असायला हवे होते. तेवीस भरले. शिपायाने पुन्हा मोजलं, पुन्हा तेवीस. कमी भरली तर कैदी पळाला, हे कोणालाही कळतं. जास्त भरली तर काय करायचं, हे त्या शिपायाला कोणी शिकवलं नव्हतं. गिनती जुळेपर्यंत फाटक उघडत नाही. वरचे साहेब आले, यादी आली, नावं पुकारायला सुरुवात झाली.

बाहेर पाच वाजून गेले तरी फाटक हलेना. रुखमाबाई उठली आणि पत्र्यावर हात मारायला लागली. "माहा मानूस सुटेल हाय. सुटकेचा कागद हाय मायाजवळ. पाहून घ्या."

हे सगळं मला कळलं ते दीड महिन्याने. पेरण्या आटोपल्या होत्या. फुलसिंग आला आणि त्याने माझ्या टेबलावर सर्टिफिकेट ठेवलं. मी उलटसुलट पाहिलं. शिक्का होता, सही होती, श्रेणी होती. खोट काढायला जागा नव्हती, तरी मी नालायकाने काढलीच. "आता पावसाळा लागला. मोटारी बंद. दिवाळीनंतर ये."

तो गेला नाही. उभ्या उभ्याच त्याने मला परीक्षेचा सगळा दिवस सांगितला, गिनतीपर्यंत.

"तो तेविसावा कोन होता?" मी विचारलं.

"मीच. शिट्टी झाली आन् पाय मले न इचारता बसले. जुन्या जोडीदाराच्या बाजूले, माह्या जुन्या जाग्यावर. मान खाली घालून बसलो होतो, नानाजी. सारे नावं पुकारून झाले, माहं नाई आलं, तवा ध्यानात आलं का आपुन सुटलो हाय. मंग हात वर केला. पोरं हासले, गिनती जुळली, फाटक उघडलं. पन मले घाम सुटला. जज सायबानं सजा सांगतली तवाबी इतका भ्यालो नव्हतो."

मी हातातलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

"तठी माही जागा अजून हाय," तो म्हणाला. "पाय तिथंच जाते. मले दुसरी जागा पायजे. रोज सकाळी येऊन बसाची. तुमी कागद मांगला, म्या आनला. अजून काई मांगाचं असन तर आजच मांगा. तेबी आनतो."

त्याचा आवाज चढला नव्हता. माझीच मान खाली गेली. चाळीस वर्षं लोकांना फाडफाड बोललो, आणि या माणसाला मात्र दोनदा बहाणे सांगितले, त्याची लाज मला आजही आहे. मी टेबलावरचं सामान बाजूला सारलं आणि माझ्या शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

"बस," मी म्हणालो.

तो लगेच बसला नाही. माझं सांगणं ऐकून घेतलं, स्टुलाकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग आपल्या मनाने, सावकाश बसला.