‘आधी’चा फोटो

आमच्या संघटनेची सगळी पत्रकं उस्मानपुऱ्यातल्या छपाईच्या दुकानात एक बाई टाइप करतात. माझी उद्गारचिन्हं त्या न विचारता कापतात. "तीन कशाला भाऊ? एकानं बी राग कळतो."

वर्षभरात त्या हळूहळू बारीक झाल्या. पूर्वी जाडीवरून टोमणे मारणारेच आता "काय ओ ताई, आजारी-बिजारी हाय का?" विचारू लागले. त्या नुसतं हसायच्या आणि डब्यातली उरलेली अर्धी भाकरी झाकून ठेवायच्या.

परवा मी नवं पत्रक घेऊन गेलो, तेव्हा वजन घटवायची पावडर विकणारा एकजण जाहिरात छापायला आला. महिन्यात दहा किलो, खात्रीनं! बाईंना त्यानं पूर्वी पाहिलेलं. त्यांना न्याहाळून म्हणाला, "तुमचाच फोटो टाकू ताई. आधीचा जाडा, नंतरचा हा. आपल्या पावडरीचा गुण!"

दुकानाचे मालक हसले. "टाका की, लई भारी दिसंल."

असल्या लबाडीची यांना लाज कशी वाटत नाही?

बाईंनी कीबोर्डवरून हात काढले. "पावडर नाय घेत मी. डॉक्टरांनी भूक कमी करायचं इंजेक्शन दिलंय, आठवड्याला एक, कमी डोसचं. वर्षात नऊ किलो उतरले. छापायचं तर हे छापा."

वर्षभर लपवलेली गोष्ट त्यांनी भर दुकानात सांगून टाकली.

पावडरवाला चडफडत गेला. "म्हणजे इंजेक्शनची कमाल व्हय!" एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. आणि चौकाचौकांत घोषणा देणारा मी हातातल्या पत्रकाची घडी घालत राहिलो.

त्या माझ्याकडं वळल्या. "द्या भाऊ तुमचं पत्रक. वर ‘जाहीर निषेध’ मोठ्या टायपात टाकायचं ना?"