पुलाच्या अलीकडे

प्रागला आम्ही पाच दिवस होतो. त्यातले साडेचार दिवस मी हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत काढले, आणि मला कुणीही कोंडलेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारे उगाच माझ्या सुनेला नावं ठेवतील.

दहा-अकरा वर्षं झाली या गोष्टीला. मुलाचं प्रागला ऑफिसचं काम निघालं. नात आठ महिन्यांची होती. मी इथे शॉमबर्गला त्यांच्याकडे राहायला येऊन वर्ष होत आलं होतं, आणि तोवर माझी अमेरिका म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी, समोरच्या घराच्या गॅरेजचं दार आणि शनिवारी गाडीच्या मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता. इथे गाडी चालवता येत नसेल तर पाय असून नसल्यासारखे. त्यामुळे सून "आपण सगळेच जाऊ" म्हणाली तेव्हा मी महिनाभर आधी नकाशा पाठ करायला घेतला. व्लतावा नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल, पुलावर दोन्ही बाजूंना संतांचे काळवंडलेले पुतळे, पलीकडे जुनं गाव. चालायचे बूटही घेतले. साडीखाली ते कसे दिसतात हे आरशात तीनदा पाहिलं.

पहिल्या दिवशी दुपारी मुलगा काम आटोपून आला. मी बूट घालून, केस नीट करून पलंगाच्या कडेवर बसले होते. सुनेनं विचारलं, "आई, आम्ही ओल्ड टाउनला चाललोय. तुम्ही येता?"

आणि त्या बूट घातलेल्या बाई काय म्हणाल्या? "नको गं. तुम्ही जा दोघं. मी बसते बाळापाशी."

"शुअर?"

"हो हो, अगदी."

"ओके. थँक यू, आई." दार बंद झालं.

आता यात चुकलं कुणाचं? माझ्या आईनं मला शिकवलं होतं की पहिल्यांदा कुणी विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणायचं, अहो कशाला. तिसऱ्यांदा, बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर. पहिल्याच हाकेला हो म्हणणारी बाई हावरट. सून अमेरिकेतच, ॲन आर्बरला जन्मलेली. तिच्या घरी मराठी होतं, पण नको म्हणजे नको होतं. मी दाराकडे बघत बसले, ती परत येऊन विचारेल म्हणून. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला तेव्हा बूट काढले.

खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, पुलाचा एवढासा तुकडा दिसायचा आणि त्यावर एका संताची पाठ. तेवढंच माझं प्राग. पण बाळ झोपलं की पडदे ओढून अंधार करायचा असा सुनेचा नियम होता. दोन वाजले की संतही बंद. मग मी अंधारात बसून बाळाचा श्वास आणि खालून जाणारी माणसं ऐकायची. माणसं फार हसत जात.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. एकदाच. मी पुन्हा नको म्हटलं, पण या वेळी जरा लांबवून, म्हणजे कुणी शहाणं असेल तर त्याला कळावं. कळलं नाही. मुलाला तरी कळायला हवं होतं, त्याला मीच वाढवलंय. तो फोनमध्ये टॅक्सी बघत होता. संध्याकाळी त्यानं मला पुलाचे फोटो दाखवले.

"छान आहे," मी म्हटलं. "दगडच ना? दगड आपल्याकडे कमी आहेत का?"

तिसऱ्या दिवशी नुसतं नको म्हणायचा मलाच कंटाळा आला होता, म्हणून म्हटलं, "गुडघे दुखतायत." ही तर हद्द झाली. त्या वेळी माझे गुडघे घोड्यासारखे होते. सून बिचारी येताना मलम घेऊन आली आणि स्वतः चोळायला बसली. चौथ्या दिवशी तर तिनं विचारलंच नाही. मी बाथरूमपर्यंतही लंगडत जात होते. एका खोट्याला किती राबावं लागतं ते मला तिथे कळलं.

पाचवा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. दोघं जेवून बाहेर पडली आणि त्या दिवशी बाळानं झोपायचं नाकारलं. मी पडद्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, बूट घातले, तिला स्ट्रोलरमध्ये बांधलं आणि खाली उतरले. दोन गल्ल्या. दगडांच्या रस्त्यावर स्ट्रोलर खडखडत होता, बाळ खिदळत होतं आणि मी जवळजवळ पळत होते.

पुलाच्या तोंडाशीच दोघं समोरून आली. सुनेच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"आई? तुमचे गुडघे?"

"त्यांना काय झालंय."

"मी नी-कॅप आणली."

मी वाकून बाळाचा पट्टा नीट करू लागले. मुलाला हसू आलं आणि मग येईनासं झालं. "तिला यायचं होतं," तो म्हणाला.

"पण मी विचारलं ना."

"एकेकदाच विचारलंस. तीनदा विचारायचं असतं."

"तुला माहीत होतं?"

"विसरलो होतो यार."

ती माझ्याकडे वळली. "मला वाटलं, तुम्हाला आमच्याबरोबर यायला आवडत नाही. रोज वाटायचं. मी काहीतरी चुकीचं करते असं."

पाच दिवस मी माझ्या मानापमानाचा हिशोब करत अंधारात बसले होते. त्याच वेळी ती पलीकडच्या गावात हे घेऊन हिंडत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिनं स्ट्रोलरची दांडी माझ्या हातातून घेतली. "आई, येता?"

आणि थांबली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारणारही नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. 'नको' जिभेच्या टोकाशी येऊन बसलंच होतं, साठ वर्षांची सवय ती.

"हो," मी म्हटलं, आणि कुणी आणखी काही बोलायच्या आत पुलावर चालू लागले.