ऐकायला आलेल्या बाई

बाई वर्गात आल्या की आधी उजवा हात पुढे करायच्या, प्रसाद घ्यावा तसा, आणि म्हणायच्या, "आना, आज काय देता?" मग एखादं पोर त्या तळहातावर टाळी देऊन आपल्या माडिया बोलीतला एक शब्द सांगायचं. 'एर' म्हणजे पाणी. बाई तो शब्द मोठ्या निष्ठेने चुकीचा म्हणायच्या. वर्ग हसून हसून लोळायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पोरांच्या मनासारखा उच्चार झाला, की बाई बदल्यात पाण्याचा इंग्रजी शब्द द्यायच्या. आता चुकायची पाळी पोरांची.

मी तेव्हा बी.एड.ला होते आणि पाठ घ्यायला एटापल्ली तालुक्यातल्या त्यांच्या शाळेत गेले होते. मी आरमोरीच्या शेतकऱ्याची पोर, पण टाचणवही आणि रंगीत तक्ते घेऊन असा काही थाट केला, की पहिल्या तासाला वर्ग चिडीचूप बसला. बाई मागच्या बाकावर होत्या. नंतर म्हणाल्या, "तुयं इंग्रजी मस्त हाय पोरी. पन पोरायले वाटते, हिले सारंच येते. मंग हिच्यापुढं चुकाचं कसं?"

एकदा आठवडी बाजारात मला त्या एका म्हातारीशी वांग्यांवरून भांडताना दिसल्या. अस्खलित माडियात. एक शब्द अडत नव्हता.

"बाई, तुमाले तर सारं येते," मी म्हटलं.

"बाजारात येते. वर्गात नाई येत," म्हणाल्या, आणि वांगी पिशवीत टाकून पुढे निघाल्या. सोंगं करणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. पण वर्षानुवर्षं एकच सोंग न कंटाळता वठवणाऱ्या अशा दुसऱ्या बाई मला भेटल्या नाहीत.

त्या वर्षी इंग्रजी शिक्षकांची परिषद चंद्रपुरात भरणार होती. आम्हा छात्राध्यापकांसाठी त्यात वेगळा गट होता. बाईंच्या पद्धतीवर पेपर लिहायचं मी ठरवलं. शाळा सुटल्यावर त्या व्हरांड्यात बसून सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. "पेपर दोघींचा, बाई," असं मीच म्हणाले होते. त्या नुसत्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी हेडसरांना सांगून मोकळ्या झाल्या.

फॉर्मवर नावांसाठी दोन ओळी होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, विद्यार्थी गटाच्या बक्षिसासाठी काम एकट्याचं असावं. मला ते बक्षीस हवं होतं. त्याच्या जोरावर शहरातल्या चांगल्या शाळेत नोकरी लागते, असं कॉलेजात सगळे म्हणत. मी दुसरी ओळ कोरी सोडली. बाईंना फोन करून सांगायचं रोज उद्यावर ढकललं. शेवटी त्यांचाच फोन आला, तेव्हा "आपला पेपर निवडला गेला, बाई" एवढंच बोलले. 'आपला' म्हणाले, हे मला पक्कं आठवतं.

मग बाई आल्याच. आदल्या दिवशी रजा टाकून, एस.टी. बदलत, गोंडपिपरीला बहिणीकडे मुक्काम करून. जांभळी रेशमी साडी नेसल्या होत्या. नोंदणीच्या टेबलापाशी त्या तिथल्या मॅडमना सांगत होत्या, "बघा बरं नीट. दोघींचं नाव हाय." मॅडम यादीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या. माझे कॉलेजचे सर शेजारीच उभे होते. मी पुढे झाले आणि अगदी छापील मराठीत म्हणाले, "या माझ्या ओळखीच्या आहेत. ऐकायला आल्या आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. एखाद्या पोराचं खोटं पकडलं की त्या जशा पाहायच्या, तसं पाहिलं. मग मॅडमना म्हणाल्या, "हो, ऐकाले आली."

पेपर मी घडाघडा वाचला. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, "शिक्षकच वर्गात चुकू लागला, तर मुलांना त्याच्याबद्दल आदर काय राहील?" याचं उत्तर शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईंना येत होतं. माझी नजर तिकडे गेली, तशी त्यांनी मान खाली घातली आणि पदर सारखा करत बसल्या. मी काहीबाही पुटपुटले. तरी बक्षीस मिळालं. टाळ्या बाईंनीही वाजवल्या.

बसस्टँडवर पोचवायला गेले तेव्हा मी कशीबशी सुरुवात केली, "बाई, मी..."

"रावू दे. आधी तुयी नोकरी लागू दे." त्यांनी पिशवीतून घडी घातलेले कागद काढले. "मी माया भागाचं लिहून आनलं होतं. मले आता काय कराचं हाय त्याचं? ठेव तुयापाशी." तेवढ्यात एस.टी. लागली. "येतो," म्हणाल्या आणि चढल्या.

नोकरी लागली. ते कागद मात्र मी उघडले नाहीत. लाज वाटायची. दर दिवाळीला फोन करायचे, बाई पोरांच्या गमती सांगायच्या, मी हसायचे. पुढच्या खेपेला नक्की माफी मागू, असं म्हणत फोन ठेवायचे. गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला कळेपर्यंत चार दिवस उलटले होते.

त्या दिवशी घडी उघडली. चार पानं, सगळं इंग्रजीत, टपोऱ्या अक्षरात. अवघड शब्दांवर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहिलेले होते. थांबायचं तिथे बारीक रेघा मारल्या होत्या. बाईंनी कितीदा तरी पाठ करून पाहिलं असणार. पहिल्याच वाक्यात त्यांनी सभेला सांगितलं होतं, हे काम माझ्या या पोरीमुळे झालं, तेव्हा आधी तिचं ऐका.