विहिरीच्या बाजूची मावशी

सकाळची पहिली घागर वर आली की मावशी तिच्यातलं ओंजळभर पाणी पुन्हा विहिरीत सोडायची. "तिचां तिका," म्हणायची. म्हणजे तिचं तिला. मग पदर खोचून, घागर कमरेवर घेऊन, वाटेत कोण उभं आहे हे न बघता चालू लागायची. वाटेतल्याने बाजूला व्हायचं, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी लग्न होऊन गिरगावातल्या त्या वाडीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. वाडीच्या मधोमध विहीर, तिच्याभोवती तीन मजली चाळ, आणि कोपऱ्यात सकाळी थोडा वेळ येणारा एक नळ. नळ प्यायला, विहीर बाकी सगळ्याला. मावशी तळमजल्यावर राहायची. वेंगुर्ल्याकडची. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा आणि घरात फारसं बोलायचा नाही. बोलायला जागाच नव्हती, असं माझे सासरे म्हणायचे. तुमच्याही वाडीत अशी एक मावशी असेल, तेव्हा जास्त सांगत नाही.

मोर्चाच्या दिवशी अश्रुधुराची नळकांडी फुटली की पोरं डोळे चोळत आमच्या वाडीत शिरायची. मावशी वाडीच्या तोंडाशीच घागर घेऊन उभी असायची. मान धरून एकेकाचे डोळे धुवायची. एकदा त्या पोरांच्या मागोमाग एक तरुण हवालदार आला. उन्हाने आणि धुराने त्याचाही जीव घाबरा झाला होता. त्याने पाणी मागितलं. मावशीने त्याला खालून वर न्याहाळलं.

"आधी काठी खाली ठेव," ती म्हणाली, "मगे ओंजळ कर."

त्याने काठी भिंतीला टेकवली आणि ओंजळ केली. पोटभर प्यायला, तोंड धुतलं, आणि काठी विसरूनच निघाला. मावशीने त्याला हाक मारून ती परत दिली. त्यावरून वाडीतली पोरं तिच्यावर दोन दिवस रुसली होती.

माणसं मात्र वाढत होती. प्रत्येक खोलीत कोकणातून कोणी भाचा, कोणी दीर येऊन टेकलेला. नळाची धार तेवढीच, खाली लागणाऱ्या हंड्यांची रांग दुप्पट. मग तळमजल्यावरच्या सोडावाले काकांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला. त्यांना सोडा करायला आणि बाटल्या धुवायला पाणी हवं होतं, आणि गच्चीवर टाकी बांधून सगळ्या मजल्यांना नळ द्यायलाही ते तयार झाले. त्या दिवशी नारळ फोडला तो मावशीने. पंपाला कुंकू लावलं. मोटर सुरू झाली तेव्हा तिने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि लहान मुलीसारखी हसली. इतकी वर्षं दोर ओढलेल्या तळव्यांकडे बघून म्हणाली, आता ह्यांका मेंदी लावतलंय.

नंतरचे काही महिने आम्ही पाण्यात लोळलो म्हणा ना. सासरे दोन वेळा आंघोळ करू लागले. वरच्या मजल्यावरचे मास्तर रोज छत्री धुवायचे, पाऊस नसतानाही. शेजारच्या वाडीतल्या बायका घागरी घेऊन आल्या, त्यांना मावशीने मोठ्या मनाने भरून दिलं. पंप पहाटे लागायचा तो दुपारी थांबायचा.

वैशाखात मावशीची आमटी खारट झाली. तिने वाण्याला धरलं. तुझ्या डाळीत मीठ मिसळलंय, असं त्याला साऱ्या गल्लीसमोर ऐकवलं. दुसऱ्या दिवशी माझा चहा फाटला. तिसऱ्या दिवशी सोडावाल्यांच्या बाटल्या गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या. मावशी विहिरीवर गेली, जुनी घागर सोडली, तर दोर पाण्यापर्यंत पुरेना. दुसरा जोडून घागर वर काढली आणि बोट बुडवून जिभेला लावलं. आधी वाण्याकडे गेली, त्याला म्हणाली, चुकलं माझं. मग घरी येऊन दार लोटून बसली.

समुद्र हाकेवर. गोडं पाणी उपसून संपवलं की खारं आत शिरणारच, हे सगळ्यांना कळत होतं. पण पंप बंद करायचा म्हटल्यावर चाळीच्या गॅलरीत सभा पेटली. सोडावाले काका म्हणाले, धरणाचं नवं पाणी मुंबईत येतंय, आज ना उद्या आपल्या नळाला धार येईल, मग विहिरीची काळजी कशाला?

"तां पाणी खंयसून येता?" मावशीने विचारलं. "कोणाच्या तरी गावातसूनच ना?"

काकांच्या धंद्याचं नुकसान होणार होतं, ते तिलाही दिसत होतं. म्हणून ती आवाज खाली आणून म्हणाली, "नारळ मियाच फोडलंय. बंदय मियाच करतलंय." आणि खाली जाऊन तिने पंपाचा खटका पाडला. काका रागाने खटक्यापर्यंत आले, पण खारट सोडा कोण पिणार? त्यांनी तो पुन्हा वर केला नाही.

मी भांडले. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, दुपट्यांचे ढीग पडायचे आणि दोर ओढायची ताकद माझ्यात नव्हती. मी तिला गॅलरीतून नाही नाही ते बोलले, तीही खालून बोलली. आमच्या दोघींचा आवाज नाक्यावरच्या चर्चपर्यंत गेला असेल. दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर मावशी दोन बादल्या घेऊन दारात, जिना चढून धापा टाकत. मी काही म्हणायच्या आत तिनेच सुनावलं, "ह्यां बाळाचां आसा. तुजां नाय."

पाऊस येऊन स्थिरावेपर्यंत ती रोज यायची. रोज तेच म्हणायची.

दिवाळीच्या सुमारास विहीर पुन्हा गोडी झाली. मग ठरलं, पंप लावायचा तो टाकी एकदा भरेपर्यंत, पुढे ज्याला हवं त्याने ओढावं. कुरकुर झाली. मास्तरांची छत्री कोरडी राहू लागली. पण पुढचा उन्हाळा विहिरीने काढला. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी गल्लीत तोरणं लागली होती, लेझीम चाललं होतं, आणि मावशीने विहिरीच्या पाण्यात पिंपभर कोकम सरबत केलं होतं. सोडावाले काकांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. खारट लागतंय, ते हळूच म्हणाले.

"मीठ मिया घातलंय," मावशी म्हणाली, "विहिरीन नाय."

काका इतके हसले की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सरबत सांडलं.

नवरा निवृत्त झाल्यावर ती गावी गेली. पुढे दोनेक वर्षांनी मी मुलीला घेऊन तिच्याकडे गेले. घरामागे पोफळीची बाग, आणि डोंगरातून आलेला पाट बागेतून झुळझुळत चाललेला. मावशी पाटात पाय सोडून बसली होती. बारीक झाली होती. मुलीला तिने मांडीवर ओढलं, मला शेजारी बसवलं. पाणी आमच्या पावलांवरून जात होतं, कोणी अडवत नव्हतं, कोणी भरत नव्हतं.

"एवढां पाणी आसा," ती म्हणाली, "नि भांडूक कोण नाय."

मी हसले. ती हसली नाही. तिने कोपराने मला ढोसलं.

"जरा भांड गो माज्याशी."