बसथांब्यासमोरची भिंत

लाखनीच्या बसथांब्यासमोर एका घराची दर्शनी भिंत दाणेदार, खरखरीत आहे. ट्रक गेला की धूळ त्या दाण्यादाण्यांत जाऊन बसते. घराचे म्हातारे मालक रोज सकाळी ती धुताना मला दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. आधी भिंत हलकेच भिजवायची, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश गोल फिरवायचा, शेवटी वरून मगाने पाणी सोडायचं. रोज हात पुरेल तेवढीच भिंत. दुसरं टोक येईपर्यंत पहिलं पुन्हा मळलेलं असतं.

एकदा बस येईना, तेव्हा रस्ता ओलांडून मी विचारलं, "काकाजी, गाड्या धुवाची मशीन काहून नाही लावत? एका घंट्यात होईल."

"मांगच्या भिंतीले लावली होती न. मळ गेला, पन दाणेबी झडले." त्यांनी ओल्या भिंतीवरून तळहात फिरवला. "अन् एका घंट्यात झालं, तं उद्या सकाळी तुमी सारे तिकडून काय पाहासान?"

मी वळून पाहिलं. थांब्यावरची सगळी माणसं खरंच इकडेच बघत होती.

हल्ली बस वेळेवर आली, की मला चुटपुट लागते.