उपडा कप

मावशी आधी फळीवर एक कप उपडा घालायच्या आणि मग विचारायच्या, "कुटं चाललास? परत कदी?"

समोरचा पाहुणा फ्रान्सचा असो की फिनलंडचा, प्रश्न मराठीतच असायचा. पाठीवर स्वतःच्या उंचीची सॅक घेतलेला तो गोंधळून माझ्याकडे बघायचा. कार्ल्याच्या फाट्यावर मावशींच्या चहाच्या टपरीला लागून माझं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात आपोआप पडलं होतं. खरं तर माझी गरज फारशी लागायची नाही. मावशी हातांनी इतकं बोलायच्या की परदेशी पाहुण्याला मराठी आपसूक समजायचं.

तुम्हीही अशा टपऱ्या पाहिल्या असतील, पण असा चहा तुम्हाला मिळाला नसेल. इथे चहाआधी तपासणी व्हायची. पासपोर्ट सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात दिसला की मावशी तो स्वतः काढून पाहुण्याच्या हातात द्यायच्या आणि पोटावर थोपटून दाखवायच्या, म्हणजे इथं, कपड्याच्या आत. मग त्याला माझ्याकडे झेरॉक्सला पिटाळायच्या. एक प्रत सॅकमध्ये, एक खिशात. मी गमतीनं म्हणायचो, मावशी, माझा धंदा तुमच्यावरच चाललाय. त्या म्हणायच्या, मग चहाला रोज येत जा, फुकटात भाषण मिळतंय.

कुठल्या टाक्याचं पाणी प्यायचं नाही, धबधब्याखालच्या कोणत्या दगडावर शेवाळ असतं, माकडांसमोर पिशवी का उघडायची नाही, अनोळखी गाडीत एकटीनं का बसायचं नाही, सगळं सांगून व्हायचं. शेवटी पाहुण्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्या त्याला बाकावर खाली दाबायच्या.

"चुकलास तर हलायचं न्हाई. हितंच बसायचं. शोधणारा येतो."

डोंगरावर गेलेल्या प्रत्येकाचा एक कप फळीवर उपडा. माणूस खाली आला की तोच कप सुलटा व्हायचा आणि त्यातच चहा मिळायचा. दिवस कलायला लागला की मावशींची नजर सारखी फळीकडे जायची.

या कपानं एकदा चांगलीच फजिती केली. एक जपानी पाहुणा लेणी बघून पलीकडच्या वाटेनं उतरला आणि परस्पर पुण्याच्या बसमध्ये बसला. इकडे कप उपडाच. मावशींनी अर्धी वस्ती डोंगरावर चढवली. शेवटी मी त्यानं सांगितलेल्या पुण्यातल्या हॉटेलात फोन लावला, तर गडी निवांत जेवत होता. लोक मावशींवर चिडले. त्या मात्र हसल्या, जेवतोय म्हणजे बरा हाय म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नियम केला की मोठी सॅक टपरीत ठेवल्याशिवाय वर जायचं नाही. सामान असलं की माणूस परत येतो.

पोर्तुगालच्या एका मुलीची सॅक अशीच आमच्याकडे होती. ती एकटीच विसापूर किल्ला करून पलीकडे बेडशाला उतरणार होती आणि तिथून जीपनं परत येणार होती. दुपारनंतर डोंगरावर धुकं उतरलं. तिचा फोन लागेना. मी म्हटलं, येईल, बेडशात चहा पीत असेल. मावशींनी स्टोव्ह बंद केला. दिवसाउजेडी त्यांचा स्टोव्ह बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला चौकीत फोन करायला लावला आणि स्वतः भाजे गावातल्या वाटाड्यांना फोन करून निघायला सांगितलं. मग आत जाऊन नमाज पढल्या आणि फळीसमोर येऊन बसल्या.

अंधार पडायच्या आत पोरगी सापडली. दोन वाटा फुटतात तिथल्या दगडावर ती जर्किन गुंडाळून बसली होती. चार पावलं पुढे कडा होता आणि धुक्यात तो दिसत नव्हता. तिनं मला नंतर सांगितलं, की घाबरून ती उठायला निघाली होती, पण खांदे कुणीतरी खाली दाबतंय असं तिला वाटलं. मी ते मावशींना मराठीत सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, कप सुलटा केला, चहा ओतला आणि मग तिला मनसोक्त झापलं. पोरगी चहा पीत हसत होती आणि रडतही होती.

त्या दिवशी मला मावशींचा फार अभिमान वाटला. आपल्या गावात अशी बाई आहे, एवढ्याच गोष्टीचा.

गेल्या वर्षी मावशी स्वतःच परदेशाला निघाल्या. भाऊ-भावजयीबरोबर मक्का-मदिनेला, उमऱ्याच्या यात्रेला. आयुष्यभर साठवलेली इच्छा. माझ्याकडे पासपोर्टच्या झेरॉक्सला आल्या तेव्हा मी संधी सोडली नाही. मी त्यांना त्यांच्याच बाकावर बसवलं, खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणालो, मावशी, चुकलात तर हलायचं नाही.

"माझंच मला शिकवतोस व्हय," म्हणाल्या. उठल्या, फळीवरचा आपला निळ्या काठाचा कप घेतला आणि स्वतःच्या हातानं उपडा घातला.

तिथल्या गर्दीत त्यांची एकदा चुकामूक झालीच. त्या एका खांबापाशी बसून राहिल्या आणि भावाला तिथंच सापडल्या. हे त्यांनी मला फोनवर फार ऐटीत सांगितलं. पुढे मदिनेत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. दफनही तिकडेच झालं. लोक म्हणाले, असं मरण नशीबवानाला येतं. असेल. मला मात्र त्या इथे हव्या होत्या.

टपरी आता त्यांची सून चालवते. कप उपडा घालते, सॅक ठेवून घेते, खांदे दाबायला अजून लाजते. परवा एका पाहुण्यानं चहासाठी फळीवरच्या निळ्या काठाच्या कपाला हात घातला. तिनं लगेच त्याचा हात धरला.

"त्यो न्हाई. त्यो अम्मीचा हाय," ती म्हणाली. "अम्मी अजून यायच्यात."

पाहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याचं भाषांतर केलं नाही.